तळहाताखालची जमीन

माझ्या सासूबाईंना आम्ही घरात आत्याबाई म्हणतो. रेणापूर तालुक्यातल्या आमच्या गावी त्या एकट्या राहतात. मी लातूरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. नवरा किनवटच्या जंगलाकडल्या आश्रमशाळेत शिक्षक आहे, आणि तिथे फोन लागणं न लागणं वाऱ्याच्या मर्जीवर असतं. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या मी आत्याबाईंकडे घालवते. त्या मात्र आमच्या लातूरच्या घरी कधी राहिल्या नाहीत. घर तिसऱ्या मजल्यावर आहे. एकदाच आल्या, इमारतीसमोर गुलमोहराखाली बसून चहा प्यायल्या, मान वर करून गॅलऱ्यांच्या रांगांकडे पाहिलं आणि दुपारच्या एसटीने परत गेल्या.

छताची ही भीती त्यांनी माहेराहून आणली आहे. भूकंप झाला तेव्हा त्या गणपतीसाठी औशाकडल्या आपल्या माहेरी गेल्या होत्या. विसर्जन करून दमलेलं गाव झोपलं होतं. दगडमातीच्या रुंद भिंती, त्यांवर लाकडी सर, आणि सरांवर पिढ्यान्‌पिढ्या थापत आणलेला मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारी ती माळवदं बघता बघता माणसांवर उतरली. आत्याबाई आणि त्यांची थोरली बहीण एकाच वाकळेवर निजल्या होत्या. मातीखालच्या काळोखात अक्काचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग येईनासा झाला. एवढंच त्यांनी मला सांगितलं आहे, तेही एकदाच, भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता, आणि सांगताना शेंगा फोडायच्या थांबल्या नाहीत.

तेव्हापासून त्या पत्र्याखाली राहतात. सासऱ्यांनी बांधलेलं पक्कं घर धान्यासाठी आहे. अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत त्यांची चूल, त्यांचं अंथरूण, कोनाड्यातली भस्माची डबी. दाराला कडी नाही, कारण ती त्यांनी स्वतः उपटून काढली. सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन त्या पूजा करतात, आणि रात्री निजण्याआधी तोच तळहात जमिनीवर टेकवून डोळे मिटतात. आमच्याकडची जमीन अधूनमधून बोलते. खोल कुठेतरी गडगडतं, भांड्यांवरची झाकणं किणकिणतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘गूढ आवाज’ असा मथळा येतो आणि माणसं आठवडाभर अंगणात निजतात. लग्न होऊन आले तेव्हा मला हे जमिनीला हात लावणं काव्यमय वाटलं होतं. पहिल्यांदा झाकण किणकिणलं तेव्हा त्यातलं काव्य गळून पडलं. माझ्या तोंडात तांब्याची चव आली होती.

आमच्या गावात आपत्तीच्या वेळी धावून जाणाऱ्या बायकांचं एक पथक आहे. बचत गटांतल्याच बायका. भूकंपानंतर ज्यांना प्रशिक्षण मिळालं त्या आता थकल्या, मग त्यांच्या सुना आल्या. मीही सून म्हणूनच आले. पथकाच्या प्रमुख गिरणीवाल्या वहिनी. त्यांच्या भुवया कायम पिठाने पांढऱ्या असतात आणि गिरणीच्या आवाजावरून बोलायची सवय असल्याने त्यांचं साधं बोलणंही हुकमासारखं ऐकू येतं. शाळेसमोरच्या कडुनिंबाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे. तो सलग वाजू लागला की हातातलं टाकायचं, दार लावायला थांबायचं नाही, भिंतींच्या सावलीतून चालायचं नाही आणि थेट बाजारतळावर जायचं. बाजारतळ म्हणजे गावाखालचं मोकळं, सपाट मैदान. आठवडी बाजार तिथे भरतो. तिथे अंगावर पडेल असं काही नाही. दर वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही ही तालीम करतो. लेकरांनाही ती पाठ आहे. आणि रूळ कधी वाजवायचा हे ठरवतो आत्याबाईंचा तळहात. असा ठराव कुणी केलेला नाही, पण त्यांनी एकदा नको म्हटलं की गाव निवांत झोपतं.

पुराचंही शिकवलं होतं आम्हाला. पाणी आलं तर उंचावर जा, मठाच्या दुमजली इमारतीत वर चढा, असं सांगितलं होतं. दुसऱ्याच्या आजाराबद्दल ऐकावं तसं आम्ही ते ऐकलं. टँकरची वाट बघणारं आमचं गाव. बाजारतळाच्या पलीकडचा ओढा बहुतेक वर्षभर कोरडा, त्यात गाढवं लोळतात. तरी मठाच्या खालच्या दालनात आम्ही तांदळाची पोती, घोंगड्या आणि कंदील ठेवले होते. वहिनी दर दोन महिन्यांनी तांदळाला ऊन दाखवायच्या. पुरासाठी वेगळी खूण मात्र कुणाच्या डोक्यात आली नाही.

त्या भाद्रपदात पाऊस थांबेना. सोयाबीन उभ्याने कुजत होतं आणि साऱ्या शिवाराला आंबलेल्या पिठासारखा वास येत होता. शनिवारी दुपारी आम्ही तिघी आत्याबाईंच्या खोलीत होतो. तिसरी म्हणजे चाची, शेजारची मणियारीण. सगळ्या गावाच्या मनगटांत तिने आयुष्यभर बांगड्या भरल्या. आता गुडघ्यांनी तिला घरी बसवलं आहे आणि आत्याबाईंशी भांडणं हा तिचा उद्योग आहे. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की दोघी एकमेकींवर ओरडूनच प्रेमाने बोलत होत्या. मग पाऊस ओसरला. आणि त्या अचानक आलेल्या शांततेत, पाण्याच्या पातेल्यावरचं झाकण अगदी बारीक आवाजात किणकिणू लागलं.

आत्याबाईंनी कप खाली ठेवला आणि तळहात जमिनीवर टेकवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तो चेहरा हळूहळू रिकामा झाला. दिवा घेऊन कुणी खोलीतून निघून जावं, तसा. मीही हात टेकवला. शेणाने सारवलेली गार जमीन, आणि तिच्याखाली न थांबणारी घरघर. जात्याच्या वरच्या पाळूवर हात ठेवल्यावर लागते तशी. ती माझ्या मनगटातून कोपरात आली, कोपरातून दातांत. पत्रा गुणगुणत होता.

“पोरी, ऊठ. तीच हाय ही,” आत्याबाई म्हणाल्या.

त्यांनी पितळी ताट उचललं, लाटण्याने बडवत त्या अंगणात धावल्या. ताट ऐकून कडुनिंबाकडे कुणी तरी धावलं असावं. रूळ वाजू लागला.

मी आजही त्या तालमीच्या शिस्तीने थक्क होते. कुणी किंचाळलं नाही. दारं सताड उघडी ठेवून माणसं बाहेर पडली. चुलींवर भाकरी करपत राहिल्या, त्यांचा वास गल्लीभर होता. लेकरांनी हात धरले, म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं, चाचीला मी आणि एका शेजारणीने दोन्हीकडून उचललं. भिंतींपासून दूर, रस्त्याच्या मधोमध, सारं गाव उताराने बाजारतळाकडे गेलं. आम्ही इतकी वर्षं शिकवलं होतं तसंच, किंबहुना त्याहून चांगलं. मैदानात गिरणीवाल्या वहिनी गल्लीगल्लीची माणसं पाहून घेत होत्या आणि त्यांच्या आवाजात भीतीबरोबर अभिमान होता.

आम्ही उभे राहिलो आणि जमीन हलण्याची वाट पाहू लागलो.

ती हलली नाही. नुसती घरघरत राहिली, अधिकच जवळून. आत्याबाई उकिडव्या बसून चिखलात हात रोवून होत्या. मी आभाळाकडे पाहत होते, कारण तिथे पडण्यासारखं काही नव्हतं. मग मला एक वास आला. उपटलेल्या मुळांचा, तळ्याच्या बुडाचा, जुन्या बंद विहिरीतून येतो तसा थंड वास. कुत्री मैदानातून निघून चढाकडे जात होती. चाची कुणाच्या तरी पाठीला टेकून उभी होती. तिने साडी जरा उचलली, पायाखाली पाहिलं आणि आमच्या पायांत पाणी कुठून आलं असं विचारलं.

पाणी ओढ्याकडून लाटेसारखं आलं नव्हतं. उतू गेलेलं दूध ओट्यावर पसरतं तसं ते गवतातून, आवाज न करता, सगळ्या बाजूंनी आलं होतं. त्यावर फेस होता, सोयाबीनच्या शेंगा होत्या, मुंग्यांचे गोळे होते. मग ओढ्याच्या वळणावरची बाभळींची रांग एकामागोमाग एक खाली बसताना दिसली, आणि गडगडाटाला तोंड फुटलं. वरच्या गावाचा पाझर तलाव फुटला होता. आमच्या तळहातांना लागली होती ती त्या पाण्याची दौड. साऱ्या शिवारातली सर्वांत सखल जागा कोणती, तर आम्ही उभे होतो ती.

“भूकंप न्हाई, पाणी हाय. मठाकडं चला, वर चढा,” वहिनी ओरडल्या, आणि त्या आवाजाला गिरणीवरून बोलायची सवय होती म्हणून सगळ्यांना तो ऐकू गेला.

गावाकडे परतायच्या वाटेवर रस्त्याखालून पाणी जायची एक मोरी आहे, तिथे पाणी पोटऱ्यांना लागलं, मग गुडघ्यांना. पथकातल्या बायकांनी पदर कंबरेला खोचून दोन्ही कडांना साखळी धरली आणि मधून माणसं काढली. पाण्याची ओढ पायांना कळते ती मनाला कळायच्या आधी. टाचेखालची वाळू कुणीतरी हळूच काढून घेत असतं. माझ्या हातात आत्याबाईंचा हात होता. त्या चालत होत्या पण डोळे माझ्याकडे नव्हते, दोन्ही बाजूंच्या घरांच्या भिंतींकडे होते. त्यांच्या लेखी भूकंप यायचा होता अजून. पाणी ही त्याची नुसती वर्दी होती.

मठ गावाच्या उंचवट्यावर आहे. पण त्या दिवशी उंचवट्याच्या पायऱ्यांनाही पाणी चाटत होतं. गावातली ती एकच दुमजली इमारत. वर मोठं दालन, खाली स्वयंपाकाचं दालन, आतून अरुंद जिना. आत्याबाई निस्सीम भक्त आहेत, दर सोमवारी मठात येतात, आणि समोरच्या कट्ट्यावर उघड्यावर बसून प्रसाद घेऊन परत जातात. नव्या इमारतीचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नव्हता. त्या दिवशीही उंबऱ्याशी येऊन थांबल्या. माणसं त्यांच्या दोन्ही बाजूंनी आत जात राहिली. ओल्या कपड्यांची, घामाची, भिजल्या लेकरांची ऊब आत जात राहिली. आत्याबाई चौकटीला हात लावून उभ्या होत्या.

मी आर्जवं केली. पाणी कट्ट्याला लागलं हे दाखवलं. मुलगा किनवटहून येईल तेव्हा त्याला काय सांगू असंही म्हणाले. चाचीला दोघी उचलून नेत होत्या. ती त्यांना थांबवून वळली आणि तिने आपल्या मैत्रिणीला नेहमीच्या सुरात सुनावलं.

“बुढ्ढे, त्या छताला लई काम हाय. तुझ्यासाठी थांबून राहिलं का ते इतके बरस?”

एरवी या वाक्याला आत्याबाईंनी दुप्पट उत्तर दिलं असतं. त्यांनी चाचीकडे पाहिलंही नाही. मला म्हणाल्या,

“तू जा पोरी. मला हितंच राहू दे. पाणी येताना दिसतं तरी. छत दिसत न्हाई.”

हे त्यांनी माझी समजूत घालावी तसं सांगितलं. पाणी माझ्या घोट्यांशी आलं होतं आणि मला एवढंच कळत होतं, की ही आत आली नाही तर मीही जाऊ शकणार नाही, आणि मला जायचं होतं. आतल्या त्या कोरड्या, अंधाऱ्या जिन्याची मला तहानेसारखी ओढ लागली होती.

तेवढ्यात वहिनी आल्या. त्यांनी आत्याबाईंच्या नजरेचा माग काढला. ती नजर छताकडे नव्हतीच, लोखंडी दाराच्या दोन पाखांकडे होती. लग्नाच्या मोठ्या कढया आत न्यायच्या असल्या की ती पाखं बिजागरीच्या खुंट्यांवरून उचलून बाजूला ठेवतात. दार असंच राहू दिलं तर निदान आतली पोती, घोंगड्या वाहून जाणार नव्हत्या. वहिनींनी एकदा पोत्यांकडे पाहिलं. मग पथकातल्या बायकांना हाक मारली, आणि चौघींनी मिळून पहिलं पाखं उचललं, दुसरं उचललं, आणि दोन्ही बाहेर भिंतीला टेकवून ठेवली. लोखंडाचा कर्कश आवाज झाला. दाराच्या जागी नुसता उजेड उरला, पावसाळी, राखाडी.

“आता कोण कोंडतंय तुम्हाला, काकू? बघा.”

आत्याबाईंनी बघितलं. चौकटीवरून हात फिरवला, रिकाम्या खुंट्यांना बोट लावलं. आणि आत पाऊल टाकलं.

वर दालनात त्या आल्या नाहीत. जिन्याच्या वळणावर बसल्या, जिथून खालची ती उघडी चौकट दिसत होती. मी त्यांच्या शेजारी. आमच्या खालच्या पायरीवर चाची, कारण तिचे गुडघे तिथेच संपले होते. वर लेकरं रडत होती, कुणी पंचाक्षरी जपत होतं, कुणी कलमा. खाली पाणी दालनात शिरलं. आधी घोंगड्या तरंगल्या, मोठ्या काळ्या पानांसारख्या, आणि एकेक करून त्या उजेडाच्या चौकटीतून बाहेर गेल्या. मग पोती हलू लागली. एक पोतं चौकटीत अडकलं, फुटलं, आणि गढूळ पाण्यावर पांढरा तांदूळ पसरला. तो दिसायला सुंदर होता, याचं मला त्याही वेळी भय वाटलं.

आत्याबाईंचा एक हात माझ्या मनगटावर होता, दुसरा भिंतीवर. जमीन ऐकावी तशी त्या भिंत ऐकत होत्या. मीही ऐकू लागले. पाण्याचा रेटा भिंतींत घुमत होता. प्लास्टरला ओल्या चुन्याचा वास होता. मला वाटू लागलं की त्या बरोबर आहेत, की आपण सगळे एका मोठ्या माळवदाखाली स्वतःच्या पायांनी चालत आलो आहोत.

आणि मग धक्का बसला.

उपटून आलेली एक बाभूळ इमारतीच्या कोपऱ्यावर आदळली, हे नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच की भिंत हलली, जिना हलला, वरून पोपडे आमच्या डोक्यांवर पडले. वरचा सगळा आवाज एकदम थांबला. आत्याबाई उठल्या. इतक्या वयाची बाई इतक्या वेगाने उठू शकते हे मला माहीत नव्हतं. त्या खाली निघाल्या होत्या, चौकटीकडे, उजेडाकडे, छातीभर पाण्यात. मी त्यांच्या कमरेला मिठी मारली. त्यांनी मला ढकललं, माझे केस ओढले, कोपर माझ्या ओठावर बसलं. त्या मला सून म्हणून ओळखत नव्हत्या. “अक्का, सोड, अक्का, सोड,” असं त्या म्हणत होत्या, आणि मी सोडलं नाही. सोडणं म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि धरून ठेवणं म्हणजे काय तेही त्या आवाजावरून कळत होतं. माझे हात निसटू लागले.

तेव्हा चाचीने, कसलाही गाजावाजा न करता, आत्याबाईंच्या नऊवारीचा लोंबता सोगा पायरीवर ओढून घेतला, आणि आपल्या भल्याथोरल्या देहाने त्याच्यावर बसली.

“आता जा,” ती म्हणाली. “कशी जाते ते बघते मी.”

आत्याबाईंनी दोनदा हिसका दिला. लुगडं जागचं हललं नाही. मग त्या एकाएकी खाली बसल्या. थरथरत होत्या. ते थरथरणं माझ्या हातांतून माझ्यात येत होतं. आम्ही तिघी त्या वळणावर एकमेकींना धरून बसलो. चाची सोग्यावरून उठली नाही. खाली चौकटीतलं पाणी उतरू लागलं तेव्हाही नाही. दिवेलागणीच्या सुमारास कट्ट्याची कड दिसू लागली, आणि गिरणीवाल्या वहिनींनी खालून हाक दिली, तेव्हा ती म्हणाली की आता हिला सोडते, पण माझा पाय बधिर झाला आहे, आधी मला उठवा.

माणसं सगळी वाचली. बरीच जनावरं नाहीत. दावणीची दावी कापायची तालीम आम्ही कधी केली नव्हती. त्यानंतरचे आठवडे मला वासांनी आठवतात. गाळाचा वास, ब्लिचिंग पावडरचा, फुगलेल्या तांदळाचा. पथकाच्या बायकांनी घराघरांतून फावड्याने गाळ ओढला, विहिरी उपसल्या, तापलेल्या लेकरांना रेणापूरच्या दवाखान्यात नेलं. चाकूरकडून उरलेल्या जनावरांसाठी ट्रॅक्टरभर कडबा आला. मी रजा काढून राहिले. माझा ओठ भरून आला, आत्याबाईंनी त्यावर रोज स्वतः हळद लावली, पण तो कसा फुटला हे विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आणि कुजबूज सुरू झाली. नळावर कुणीतरी, आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने, म्हणालं की एका म्हातारीपायी गाव खड्ड्यात गेलं आणि तिच्यापायीच तांदूळही वाहून गेला. वहिनींनी तिथल्या तिथे उत्तर दिलं की तांदूळ माझ्या सांगण्यावरून गेला, आणि मैदानाची वाट तर आपण सगळ्यांनीच शिकवली. पण आत्याबाईंनी घागर उचलली आणि निघाल्या. त्या रात्री अंथरुणावर बसून त्यांनी भस्म लावलं, हात जोडले आणि आडव्या झाल्या. तळहात जमिनीला लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. महिनाभर मी पाहत राहिले. मध्ये एकदा झाकण किणकिणलं. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. तो हात त्यांनी पांघरुणाखाली घेतला होता.

मला तेव्हा जे भय वाटलं ते पुराच्या दिवशीच्याहून वेगळं होतं, संथ होतं. लातूरला त्या येणार नाहीत, मी गावी कायमची राहू शकणार नाही. पुन्हा पाणी आलं तर त्यांना एकटीने त्या जिन्यावर जावं लागेल, आणि त्या जाणार नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. सोग्यावर बसायला दर वेळी चाची असणार नव्हती.

हे मी वहिनींपाशी बोलले. त्यांनी पथकाच्या बैठकीत माझ्याहून कमी शब्दांत मांडलं. छताला भिणाऱ्या आत्याबाई एकट्या नव्हत्या. गावात अशा आणखी म्हाताऱ्या निघाल्या, ज्या त्या दिवशी दालनात डोळे मिटून बसल्या होत्या आणि कुणाला बोलल्या नव्हत्या. मग दोन गोष्टी ठरल्या. रूळ भूकंपासाठीच राहील आणि पाण्यासाठी हलगी वाजेल. आणि मठाच्या इमारतीला बाहेरून, आभाळाखालून, थेट गच्चीपर्यंत लोखंडी जिना लावायचा. दाराला, छताला, आतल्या काळोखाला हातही न लावता वर जाता येईल असा. बैठकीत आत्याबाई मागे बसून होत्या.

जिना वेल्डिंगवाल्याने उन्हाळ्याच्या तोंडाशी लावून दिला. लाल रंगाचा. पहिली तालीम गुढीपाडव्याच्या नंतरच्या रविवारी ठरली. सकाळी आत्याबाई मला म्हणाल्या की बघायला येते. हलगी वाजली. माणसं बाहेर पडली, आणि यंदा पाय चढाकडे वळवायला दोघी-तिघींना मोठ्याने ओरडावं लागलं, कारण निम्मं गाव सवयीने उताराला लागलं होतं. लेकरं आधी चढली, मग बाया, मग पुरुष. सगळ्यांच्या पावलांनी तो जिना घणघणत होता. चाचीला खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं आणि वाटभर ती त्यांना शिव्या देत होती.

शेवटी जिन्याखाली आम्ही दोघीच राहिलो. आत्याबाईंनी कठडा धरला. पहिली पायरी चढल्या, दुसरी, तिसरी. मी मागून त्यांच्या कोपराला आधार दिला.

“हात सोड,” त्या म्हणाल्या. “त्या वक्ताला तू नसशील.”

मी हात सोडला. त्या आणखी थोड्या चढल्या, जमिनीपासून माणूसभर उंच झाल्या, आणि थांबल्या. वर गच्चीवर लेकरं पळत होती, कुणीतरी जिन्याच्या तोंडाशी उभं राहून पाय आपटत होतं, आणि प्रत्येक पावलाची थरथर लोखंडातून खाली येत होती. त्यांच्या बोटांची पेरं पांढरी पडलेली मला दिसली. खालून त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मान, आणि त्या मानेवरची ताठ शीर. मला माझ्या ओठाची जागा दुखल्यासारखी झाली. त्या खाली उतरतील, मी त्यांना धरेन, आणि मग पुन्हा कधीही त्या या जिन्यापाशी येणार नाहीत, असं वाटून मी वर हात केला, पण त्यांना धरलं नाही.

वरून गिरणीवाल्या वहिनींनी वाकून पाहिलं. त्यांना काय झालं ते कळलं असावं. त्यांनी मागे वळून काहीतरी म्हटलं. हळू म्हटलं, त्यांचा तेवढा हळू आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. गच्चीवरचं पळणं थांबलं. पाय आपटणारा थांबला. एक लेकरू अजून धावत होतं, त्याला कुणी उचलून घेतलं. सारं गाव तिथे, उन्हात, जागच्या जागी उभं राहिलं, कुणी हलेना, आणि लोखंडातली थरथर विरत विरत थांबली.

आत्याबाईंनी कठड्यावरचा एक हात सोडला. तो तळहात त्यांनी पुढच्या पायरीवर टेकवला, आणि तसाच, डोळे मिटून, बराच वेळ ठेवला.

मग पाय उचलला.